फळ्यावरचा चोर

टीव्हीवर माझा फळा दिसत होता आणि त्याच्याभोवती एक लाल गोल गरगरत होता. गोलाच्या आत, माझ्याच अक्षरात, '७ × ८ = ५४' असं लिहिलेलं. खाली पट्टी पळत होती, 'बाईंनाच येईनात पाढे, पोरांचं भविष्य कुणीकडे?' यमकसुद्धा जुळवलं होतं मेल्यांनी.

मी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पीत एसटीची वाट बघत होते. हॉटेलवाल्यानं एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बाई, ह्या तुमीच का?"

"कोण?"

"ह्या काय, निळ्या साडीतल्या."

साडी तीच अंगावर होती. नाही म्हणायची सोयच नव्हती.

पडद्यावर तो बातमीदार हातात माईक घेऊन पोरांना विचारत होता, "मुलांनो, बाईंनी फळ्यावर लिहिलंय ते बरोबर आहे का?" आणि माझी पोरं, माझी सोन्यासारखी पोरं, एका सुरात ओरडत होती, "होऽऽ." मग पुन्हा लाल गोल. मग स्टुडिओतली एक बाई कपाळावर आठ्या घालून म्हणाली, "सरकारी शाळांची ही अवस्था पाहून तुम्हाला काय वाटतं, आम्हाला नक्की कळवा."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, आपली नोकरी गेली.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. वैजयंता कुंभार, शिक्षणसेवक. म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं आणि सगळं नीट पार पडलं तर कायम व्हायचं. माझी तीन वर्षं त्या जूनमध्ये भरत होती, आणि हा जानेवारी चाललेला. आमच्या घरात चाकाला हात न लावता पगार घेणारी मी पहिली. शाळा माणदेशातल्या एका धनगरवस्तीवरची. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी जगदाळे गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. धोंडीराम जगदाळे गुरुजी मुख्याध्यापक होते आणि मे महिन्यात निवृत्त होणार होते.

आता त्या चोपन्नाचं सांगते, नाहीतर तुम्हीही त्या हॉटेलवाल्यासारखे माझ्याकडे बघाल.

मी त्या वस्तीवर रुजू झाले तेव्हा पोरं बोलायची नाहीत. गुणी होती, पण मुकी. काही विचारलं की खाली मान. फळ्यावर लिहीन ते उतरवून घ्यायची. दुसऱ्या वर्षी एकदा मी घाईत हजेरीची बेरीज चुकले, तीही उतरवली. तिसरीतल्या प्राजक्ता मदनेला मी विचारलं, "अगं, तुला चुकलेलं दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाईला चुकलं म्हणाय कसं यील?"

हे काही माझ्या डोक्यातून जाईना. ही पोरगी उद्या मोठी होणार. दुकानदार, तलाठी, नवरा, सासू, कुणी ना कुणी तिला रोज सात आठे चोपन्न सांगणार. आणि ही खाली मान घालून उतरवून घेणार.

म्हणून मी एक खेळ काढला. रोज परिपाठ झाला की फळ्यावर पाच-सहा गोष्टी लिहायच्या आणि त्यात मुद्दाम दोन-तीन चुका लपवायच्या. चुकीला आम्ही चोर म्हणायचो. ज्याला चोर सापडेल त्यानं हात वर करायचा, पुढे यायचं, माझ्या हातातला खडू घ्यायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचं, "बाई, तुमचं चुकलंय." मग चूक कशी ते पटवून द्यायचं. नियम एकच, आणि तो कडक. मी नाव घेईपर्यंत चोर फोडायचा नाही. दुसऱ्याला आपणहून सांगायचा नाही. ज्यानं त्यानं स्वतः शोधायचा.

सुरुवातीला पोरं 'चुकलंय' म्हणताना इतकी लाजायची की शब्द ओठातल्या ओठात राहायचा. महिनाभरात अशी फाडफाड बोलायला लागली की मलाच वाटलं, आपण हे काय करून ठेवलं.

जगदाळे गुरुजींना हे मुळीच आवडलं नव्हतं. गुरुजी म्हणजे पांढरं धोतर, काळी टोपी आणि फळ्यावरचं अक्षर असं की छापलेलं वाटावं. एका दुपारी खिचडी शिजत असताना ते मला म्हणाले, "बाई, फळ्यावर खोटं लिहू नये."

"मुद्दाम लिहिते, गुरुजी. पोरांना शोधायला."

"ते कळलं मला. पण पोरं फळ्यावरचं देवाचं मानतात."

"म्हणून तर लिहिते."

गुरुजी पातेल्यात किती मीठ घातलंय ते स्वयंपाकीणबाईंना विचारायला गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. पण माझ्या वर्गावरून जाताना फळ्याकडे बघायचे नाहीत, हे मला दिसायचं.

चॅनलवाले आले त्या दिवशी गुरुजी केंद्राच्या बैठकीला गेले होते. जीप दारात थांबली, दोघं उतरले. बातमीदार तरुण होता, गोड बोलणारा. पहिलं वाक्य काय, तर म्हणाला, "मॅडम, मुलांना झाडाखाली बसवता का? शॉट छान येतो."

"आम्हाला वर्ग आहे की," मी म्हणाले. "झाडाखाली कशाला बसवू? थंडी आहे."

त्याचा चेहरा जरा पडला. मी त्याला दोष देत नाही. सिनेमात आणि मालिकेत आमच्या शाळा झाडाखालीच भरतात. आणि मास्तर दोनच जातींचे असतात. एक टेबलावर पाय टाकून घोरणारा, आणि एक दोन गाण्यांत अख्खं गाव सुधारणारा. मी दोन्हींत बसत नव्हते. मी सर्दीनं लाल झालेल्या नाकानं पोरांची हजेरी घेत होते.

तो आत आला. पोरांशी गप्पा मारल्या. "शाळेत खिचडी मिळते का? आवडते का?" पोरं म्हणाली, "होऽऽ." मग मी समाधानला त्याची माकडटोपी काढायला लावली. म्हटलं, टीव्हीवर यायचंय, तोंड दिसू दे तुझं. समाधान म्हणजे वर्गातला सगळ्यात खोडकर. त्यानं कुरकुर करत टोपी दप्तरात कोंबली.

मग बातमीदाराचं लक्ष फळ्याकडे गेलं. त्या दिवशी फळ्यावर वर सात आठे चोपन्न होतं. मधे 'आपल्या राज्याची राजधानी पुणे' होतं. आणि खाली, पोरांना हसू यावं म्हणून, मी एक शेळी काढली होती. ऐटबाज शिंगांची आणि पाच पायांची.

"मुलांनो," तो म्हणाला, "बाईंनी फळ्यावर लिहिलंय ते बरोबर आहे का?"

पोरांनी तोंडं घट्ट मिटली. त्यांना वाटलं, पाहुणा खेळात आलाय. आणि नियम तर कडक, दुसऱ्याला चोर फोडायचा नाही. सगळी गालातल्या गालात हसत त्याच्याकडे बघत बसली. समाधान तेवढा म्हणाला, "तुमीच हुडका की."

मी हसले आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. खेळ काय, नियम काय, का काढला, शेळीला पाच पाय का. कॅमेरा चालू होता. तोही हसला. "छान उपक्रम आहे, मॅडम," म्हणाला. प्राजक्तानं पुढे येऊन तिन्ही चोर पकडून दाखवले, तेही त्यांनी टिपलं. जाताना पोरांना गोळ्या वाटल्या. मी आनंदात. वाटलं, चला, पहिल्यांदाच एखाद्या वस्तीवरच्या शाळेचं काहीतरी चांगलं दाखवतील.

आणि त्यांनी हे दाखवलं.

हॉटेलात मी चहाचे पैसे पुढे केले. हॉटेलवाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बाई." तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर जाईपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. टीव्ही चारच घरांत होते, पण बातमी शेरडांबरोबर रानात सुद्धा पोचली होती. एक बाप शाळेच्या दारात येऊन म्हणाला, "पोरगं मी विंग्रजी शाळंत घालनार. त्यांची गाडी हितवर येती." मी त्याला खेळ समजावून सांगायला लागले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आवं पर बाई, टीव्हीत खोटं कसं दाखवतील?"

कालपर्यंत त्याची पोरं फळ्यावरचं देवाचं मानत होती, आणि तो टीव्हीवरचं. म्हणजे घरचंच वळण.

कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तर लिहून दिलं. मग चौकशी लागली. गटशिक्षणाधिकारी बनसोडे साहेब स्वतः येणार, पालकांना बोलावणार, मुलांचे जबाब घेणार. माझ्या घरी मी काही सांगितलं नाही. आई फोनवर विचारायची, "जेवतीस का वेळेवर?" आणि मी म्हणायची, "हो."

गुरुजींना मी आदल्या संध्याकाळी गाठलं. कुलूप लावत होते.

"गुरुजी, उद्या साहेब तुम्हाला विचारतील."

"विचारणारच."

"तुमच्या परवानगीनं खेळ चालायचा असं सांगितलंत तर माझं निभावेल."

गुरुजींनी कुलूप ओढून बघितलं. "परवानगी मी दिली नव्हती, बाई," म्हणाले, आणि सायकलवर टांग मारून गेले.

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. रस्ताभर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. म्हटलं, चार महिन्यांत घरी जाणार हा माणूस, ह्याचं काय जातंय एक शब्द बोलायला.

चौकशी माझ्याच वर्गात झाली. बनसोडे साहेब माणूस वाईट नव्हते, दमलेले होते. वरून फोन येत होते. त्यांनी टेबलावर लॅपटॉप ठेवला. पाठीमागे पालक उभे, पुढे पोरं मांडी घालून बसलेली. साहेबांनी मला विचारलं ते मी सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पकडल्यावर सगळेच म्हणतात की मुद्दाम केलं."

मग ते गुरुजींकडे वळले. "गुरुजी, हा उपक्रम तुम्हाला माहीत होता?"

"माहीत होता."

"पसंत होता?"

"नव्हता."

"परवानगी?"

"दिली नव्हती."

झालं. मी खिडकीचा गज धरला. तीन वर्षांत वस्तीवरच्या उन्हात जेवढी वाळले नव्हते तेवढी त्या तीन उत्तरांनी वाळले.

साहेबांनी लॅपटॉप उघडला. "मुलांनो, हे बघा आणि मला खरं सांगा," म्हणाले, आणि ती बातमी लावली. पुन्हा तो लाल गोल, पुन्हा ती पट्टी, पुन्हा "होऽऽ." बातमी संपली. पोरं गप्प. साहेबांपुढे, आपल्या आई-बापांपुढे, कोण तोंड उघडणार? सगळ्या माना खाली. मी आले तेव्हा होत्या तशाच.

"बोला," साहेब म्हणाले. "तुम्ही 'हो' म्हणालात ना?"

तेवढ्यात मागून आवाज आला. "साहेब, परत लावा की ते."

प्राजक्ताची आई, पारूबाई. डोक्यावर पदर, हातात कोयता तसाच, कारण ती बांधावरून सरळ आली होती. ह्या बाईला मी वर्षभरात चार शब्द बोलताना ऐकलं नव्हतं.

"कशाला?" साहेबांनी विचारलं.

"पोरांस्नी नीट बघाय मिळालं न्हाय." मग ती पोरांकडे वळून म्हणाली, "आरं, बसलाय काय असं? हुडका की. रोज घरी येऊन आमचं डोकं खाता, आज हितं चोर व्हता न् तितं चोर व्हता. मला भाकरी करू देईना ही पोरगी, म्हनती आय, मी तुला धा गोष्टी सांगती, त्यातला चोर काढ. आता काढा की मग."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला तरी कुठं माहीत होतं हे घरापर्यंत गेलंय. त्यांनी बातमी पुन्हा लावली.

ह्या वेळी पोरं पुढे सरकली. गुडघ्यावर आली. अर्ध्यात समाधानचा हात वर गेला. मग प्राजक्ताचा. मग आणखी दोघांचे. पण तोंड कुणी उघडलं नाही. हात वर करून सगळी माझ्याकडे बघत बसली, कारण नियम तो नियम, बाईंनी नाव घेईपर्यंत चोर फोडायचा नाही.

"ही बोलत का नाहीत?" साहेब म्हणाले.

"मी नाव घ्यावं लागतं, साहेब."

"मग घ्या."

"समाधान."

तो उठला. "माझी टोपी," म्हणाला. "साहेब, त्यो मानूस फळ्याचं विचारतोय तवा माझ्या डोक्यावर टोपी न्हाय. बाईंनी काढाय लावली व्हती. आन आमी हो म्हनतोय तवा टोपी हाय."

साहेबांनी भुवया उंचावल्या. चित्र मागे नेलं. थांबवलं. टोपी नव्हती. पुढे नेलं. पोरं "होऽऽ" म्हणतायत, आणि समाधानच्या डोक्यावर माकडटोपी, कान झाकून.

"प्राजक्ता."

"ते हो खिचडीचं हाय, साहेब. खिचडी आवडती का म्हनला तवा आमी हो म्हनलो. फळ्याचं विचारलं तवा आमी गप बसलो. त्यांनी खिचडीचं हो उचलून फळ्याला चिकटवलंय."

मागे कुजबुज सुरू झाली. तो विंग्रजी शाळेवाला बाप पुढे येऊन लॅपटॉपात वाकला.

मग मी पहिल्या रांगेतल्या एका बारक्या मुलीचं नाव घेतलं, शेवंताचं. तिनं पडद्यावर खालच्या पट्टीला लागून बोट ठेवलं. "शिंगं," ती म्हणाली.

"कसली शिंगं?"

"शेळीची. खाली शेळी व्हती. पाच पायांची. त्यांनी शेळी कापली, पर शिंगं ऱ्हायली."

खरंच की. गोलाच्या खाली, पट्टीला अगदी लागून, खडूची दोन टोकं वर आलेली. शेळी दाखवली असती तर शेंबडं पोरसुद्धा म्हणालं असतं की हा खेळ आहे. म्हणून तिला चौकटीबाहेर ठेवलं होतं. मी ती बातमी नको नको म्हणत किती वेळा बघितली होती, मला नव्हती दिसली. मला फक्त लाल गोल दिसत होता.

"आणि आमच्या बाई," शेवंता म्हणाली. "बाई लई बोलल्या त्या दिवशी. हितं बोलतच न्हाईत."

मला तिथंच रडू आलं. साहेबांसमोर, पालकांसमोर, सगळ्यांसमोर. पारूबाईनं कोयता खाली ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या तळव्याचा खरबरीतपणा साडीतून लागत होता. ती म्हणाली, "बाई, गप. मलाबी आधी कळलं न्हाय. पर प्राजी रातभर म्हनत व्हती, आय, टीव्हीत चोर हाय, कुटं हाय ते घावंना. म्हनून म्हनलं परत लावा."

साहेबांनी लॅपटॉप मिटला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मी वर चांगलं लिहितो. नोकरीला धोका नाही."

"आणि चॅनल?"

"चॅनलशी भांडायला आपल्याकडे कुठं चॅनल आहे?" ते जरा हसले, पण हसण्यात काही नव्हतं. "एक करा. हा खेळ आजपासून बंद. उद्या पुन्हा कुणी कॅमेरा घेऊन आला आणि फळ्यावर असलं काही दिसलं, तर मला तुम्हाला वाचवता यायचं नाही. जूनपर्यंत तरी सरळ चाला. तुमच्या भल्याचं सांगतोय."

मी "हो साहेब" म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. नोकरी राहिली होती. त्या घटकेला मला दुसरं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाला. मी फळा स्वच्छ पुसला आणि सगळं बरोबर लिहिलं. पोरं चोर हुडकायला लागली. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे फिरले, पुन्हा फिरले. कुणी बोटांवर पाढे मोजले.

"बाई, आजचा चोर लई हुशार हाय," समाधान म्हणाला.

"आज चोर नाही."

"मग उद्या?"

"उद्याही नाही. खेळ बंद. साहेबांनी सांगितलंय."

प्राजक्तानं हात वर केला. मी नाव घेतलं नाही, तरी ती उभी राहिली. पहिल्यांदाच तिनं नियम मोडला. "बाई, मग साहेबाचं चुकलंय," म्हणाली.

आणि मी तिला काय म्हणाले? "गप बस," म्हणाले. "मोठ्यांना असं बोलू नये."

ती खाली बसली. मान खाली घातली आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागली. सगळीच लागली. मी टेबलाला धरून उभी. मला असं वाटलं की मी माझ्या हातानं चाकावरचा ओला घडा दाबून टाकलाय.

दारात सावली पडली म्हणून बघितलं तर जगदाळे गुरुजी. कधीपासून उभे होते कोण जाणे. ते आत आले. ते माझ्या वर्गात यायचे नाहीत सहसा. पहिली-दुसरीची पोरं त्यांच्या मागून दारात गोळा झाली. गुरुजींनी टेबलावरचा खडू उचलला, डस्टर घेतलं आणि मी लिहिलेलं सगळं एका बाजूनं पुसून काढलं.

मग ते लिहायला लागले. नाही, लिहायचा प्रयत्न करायला लागले. खडू फळ्यावर टेकवला आणि हात थांबला. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही. पुन्हा टेकवला. त्या माणसानं आयुष्यात फळ्यावर एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं, आणि आता हात ऐकत नव्हता. कपाळावर घाम आला होता, भर थंडीत. शेवटी त्यांनी लिहिलं, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात:

'पाणी खालून वर वाहते.'

त्याखाली एक सरळ रेघ ओढली. आणि रेघेखाली, आमच्या शेरेबुकात लिहायचे तसं, पूर्ण नाव लिहिलं. धोंडीराम रामचंद्र जगदाळे, मुख्याध्यापक. खाली तारीख. वर आपली झोकदार सही ठोकली.

"आता कुणी फोटो काढला तर सहीसकट निघेल," ते म्हणाले. "बाईंचं नाव यायचं नाही."

मला एका क्षणात कळलं हा माणूस काय करतोय. चौकशीत तो माझ्यासाठी खोटं बोलला नव्हता, कारण ते खोटं साहेबांना फसवायला होतं. हे खोटं पोरांसाठी होतं आणि ते त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, निवृत्तीला चार महिने उरलेले असताना. परवा रस्ताभर मी त्यांना घातलेल्या शिव्या मला आठवल्या.

"गुरुजी, अहो, तुमची पेन्शन," मी म्हणाले. "साहेबांनी बजावलंय. कुणी वर कळवलं तर तुमचं..."

"मधे बोलू नका, बाई. पोरांची पाळी आहे."

रोज असंच झालं. मेपर्यंत, रोज सकाळी गुरुजी माझ्या वर्गात येत, फळ्यावर चोर लिहीत आणि खाली सही करत. बनसोडे साहेब एकदा येऊन गेले, फळा वाचला, सही वाचली आणि चहा पिऊन गेले. त्या बातमीची दुरुस्ती चॅनलनं कधीच केली नाही. आजही ती कुठून कुठून फिरत माझ्या मोबाइलवर येते, 'बघा आपल्या शिक्षकांची लायकी' म्हणून. पाठवणाऱ्याला माहीत नसतं की ती निळ्या साडीतली मीच. मी त्या जूनला कायम झाले. आता केंद्रप्रमुख आहे. गुरुजी निवृत्त झाले, पेन्शन सुखरूप मिळाली, आणि गेल्या वर्षी ते गेले. मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. एकदा सुरुवात केली होती, तर म्हणाले, "पोरांची परीक्षा जवळ आलीय, बाई." म्हणून आता इथं मानते. जे काही मी आहे ते त्या सहीखाली उभं आहे.

पण त्या पहिल्या सकाळचं राहिलं.

फळ्यावर गुरुजींचं अक्षर. वर्गात कुणी हलेना. माझी चूक काढणं निराळं, मी काल आलेली. गुरुजींनी त्या पोरांच्या बापांना शिकवलं होतं. त्यांच्या अक्षराला चूक म्हणायचं म्हणजे काय चेष्टा होती? समाधानसुद्धा जमिनीकडे बघत होता. गुरुजी खडू हातात धरून उभे. थांबले. घाई केली नाही.

प्राजक्तानं मान वर केली. फळ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. घटकेपूर्वी मीच तिला गप बस म्हणाले होते.

मी मान डोलावली.

ती उठली, पुढे गेली, गुरुजींच्या कमरेइतकी उंच. त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "गुरुजी, तुमचं चुकलंय."

गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा नीट घातली. डोळे भरून आले होते त्यांचे. मग वाकून त्यांनी खडू तिच्या हातात दिला.

"दाखव," म्हणाले.